दाराबाहेरचे चाळीस दिवस

हेब्बाळ, बंगळूर
ता. २० जानेवारी १९९६

ती. साळूअक्का हिस,
धाकट्या भागूचा सलाम. वि. वि.

नाताळचं तुझं पार्सल पोचलं. निम्म्या करंज्यांचा भुगा झाला होता. सयाजीनं तो दुधात कालवून खाल्ला आणि मावशीच्या हाताला चव आहे म्हणाला. माझा हा पोरगा पन्नाशीला आला, पण आईच्या हाताबद्दल असं काही त्याच्या तोंडून अजून निघालेलं नाही. सून नयना बरी आहे. शाळेतून दमून येते आणि माझ्यावर चिडत नाही, यातच सगळं आलं.

इथं थंडी संपत आली. तळ्याच्या बाजूनं वारा येतो तो मात्र गुडघ्यात शिरतो. मल्लाप्पा म्हणून आमच्या देवळाचा राखणदार आहे, त्यानं कसलंसं तेल दिलंय. मी त्याच्याशी मराठी बोलते, तो माझ्याशी कानडी बोलतो, आणि दोघंही सरी सरी म्हणून आपापल्या वाटेनं जातो. देऊळ म्हणजे ते छावणीकडचं दगडी चर्च. सकाळी तिथं इंग्रजी, मग तमीळ, मग कानडी उपासना होते, आणि चार वाजता सगळ्यांचा उष्टा वारा खात आम्ही चाळीसएक मराठी माणसं बसतो.

आता खरी गोष्ट. माझा नातू सुशांत पाळक व्हायला शिकतोय हे तुला ठाऊक आहे. त्याच्या कॉलेजात सध्या दोन तट आहेत. एक तट म्हणतो, उपासना आपल्या देशाची पाहिजे, जमिनीवर बसा, समई लावा. दुसरा म्हणतो, गिटार आणा, टाळ्या वाजवा, म्हणजे तरुण येतील. आमचा सुशांत तिसराच. त्याला जुनं पाहिजे. आपल्या आजाच्या वेळचंही नव्हे, पार दीड हजार वर्षांपूर्वीचं. कॅथलिकांच्या सेमिनरीत त्याचा एक बेळगावकडचा मित्र आहे. त्यांच्याकडंही म्हणे तीस वर्षांमागं सगळं बदललं, लॅटिन गेलं, पाद्री वेदीकडं पाठ करून लोकांकडं तोंड करू लागला, आणि आता तिथली पोरं आजोबांची पेटी उघडून बसली आहेत. हे दोघं रविवार सोडून सगळे दिवस पोथ्या उकरतात.

त्यात त्यांना एक विधी सापडला. पूर्वी मोठं पाप करणाऱ्याला, ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी, देवळाबाहेर काढत. चाळीस दिवस त्यानं दाराबाहेर बसायचं. मग ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी बिशप स्वतः दारापर्यंत चालत यायचा, त्याचा हात धरायचा आणि आत न्यायचा. हे सांगताना सुशांतचे डोळे भरले होते. त्याला यंदा आमच्या मराठी मंडळीत हे करायचंय. सहा माणसं बाहेर उभी करणार आणि पाळकाकडून आत घेववणार. नाटक नाही म्हणतो, मनापासून करायचं म्हणतो. सहांत पहिलं नाव माझं, कारण पांढऱ्या केसांची बाई दारात चांगली दिसते.

मी नाही म्हणून सांगितलं. जुनं म्हणून चांगलं असतं, तर माझे गुडघे सगळ्यांत चांगले असते.

तो तुला पत्र लिहील. नगरकडच्या आपल्या मिशनात असलं काही होतं का, विचारील. तुला आठवत नाही असं कळव. म्हातारीला आठवत नाही, हे कुणालाही पटतं.

लोभ आहेच. करंज्यांसारखा त्याचा भुगा होऊ देऊ नकोस.

तुझी,
भागू


श्रीरामपूर
ता. ३० जानेवारी १९९६

चि. भागू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, दुसऱ्या दिवशी तुझ्या नातवाचं आलं. त्याचं अक्षर चांगलं आहे, तुझ्यावर गेलेलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले, पण खोटं काय बोलावं हे तुला विचारायची वेळ अजून आलेली नाही. मी त्याला चार पानं लिहिली. त्यातलं थोडं तुलाही लिहिते, कारण तेव्हा तू अकराबारा वर्षांची होतीस, तुला काय कळलं असणार.

सदतीस साल. माझं पहिलं पोरगं सात महिन्यांचं होतं. ताप हटेना. मिशनच्या दवाखान्याची बाटली संपली, तरी अंग तव्यासारखं. मग मी लिंबू आणि हळदकुंकू घेऊन वेशीबाहेरच्या मरीआईला गेले आणि पोराला तिच्या पायावर घातलं. बाप्तिस्मा झालेल्या बाईनं असं करू नये हे मला माहीत होतं. पोराच्या अंगाला हात लावला की माहीत असलेलं कुठं राहतं?

गोऱ्या पाद्रीसाहेबाला तीन दिवसांत कळलं. राखेच्या बुधवारी सगळ्या मंडळीसमोर त्यानं माझं नाव घेतलं आणि दाराबाहेर गोणपाट टाकून मला त्यावर बसवलं. प्रत्येक उपासनेला आतली माणसं माझ्यावरून ओलांडून गेल्यासारखी जायची. तिसऱ्या आठवड्यात पोरगं गेलं. त्याला मिशनच्या जागेत पुरलं, पण मी बाहेर काढलेली, म्हणून मला भिंतीच्या अलीकडं उभं केलं. माती पडली तो आवाज ऐकला. बघितलं नाही.

मग मोठा गुरुवार आला. पाद्रीसाहेब झगा घालून, हात पुढं करून मला आत घ्यायला दारात आला म्हणतात. मी नव्हते. सकाळीच ते गोणपाट झटकून घरी आणलं होतं आणि त्यात कांदे भरले होते. तेव्हापासून मी कुठल्याच देवळाची पायरी चढलेले नाही, आणि देव काही मला शोधत आलेला नाही.

सांगितलं कुणी, ते साऱ्या गावाला माहीत. माझी सासू कोंडाबाई. मिशनचा पगार घेऊन घरोघर शास्त्र वाचणारी बायबलबाई ती. मी घरातून लिंबू घेऊन निघाले तेव्हा घरात तीच होती. त्याच महिन्यात तिची नोकरी गेली. का गेली ते विचारलं नाही. देवानं एकदा तरी माझी बाजू घेतली असं तेव्हा वाटलं होतं.

नातवाला सांग, विधी चांगला आहे. फक्त बाहेर कुणाला बसवायचं ते नीट बघा.

मागून लोभ मिळावा इतकं नवं आपलं नातं नाही.

साळू


हेब्बाळ, बंगळूर
ता. ७ फेब्रुवारी १९९६

ती. साळूअक्का हिस,
भागूचा सलाम. वि. वि.

सुशांत तुझी चार पानं घेऊन आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यानं ती आम्हाला वाचून दाखवली. भिंतीपलीकडच्या मातीपाशी त्याचा आवाज गेला. नयनानं गॅस बंद केला. मी तांदूळ निवडत होते, ते निवडत राहिले.

आता तो म्हणतो, मला वाटलं पोथीत हिरा सापडला, पण त्याला रक्त लागलेलं आहे. सगळं रद्द करतो म्हणतो. त्याचा बेळगावकडचा मित्र म्हणतो, विधीचा दोष नाही. खऱ्या विधीत बाहेर काढणारा आणि हात धरणारा, दोघांनी रडायचं असतं, उपास दोघांनी करायचा असतो. आपल्या पाद्रीसाहेबानं पोथीतली काठी उचलली आणि रडणं तिथंच ठेवलं. दोघं दोन तास वाद घालत होते. मी म्हटलं, तुमचं भांडण पोथीचं आहे, आणि इथं काम माणसाचं आहे. त्यांना कळलं नाही. कळायला मी काही सांगितलंच नव्हतं.

तुला सांगते. हे वाचताना बसून वाच.

कोंडाबाईनं सांगितलं नाही. मी सांगितलं.

मरीआईला जाताना तू मला सोबत नेलं होतंस, पाण्याचा तांब्या धरायला. रविवारच्या शाळेत पाद्रीसाहेबानं विचारलं, या आठवड्यात कुणी मूर्तीच्या पाया पडताना कुणाला पाहिलं का. जो खरं सांगेल त्याला विलायती चित्राचं कार्ड. मी हात वर केला. पाप वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. कार्ड होतं. येशूच्या खांद्यावर कोकरू, आणि सभोवती निळी कड. तू गोणपाटावर बसलीस त्या दिवशी ते माझ्या पोलक्यात होतं. तुझ्या बाजूनं आत जाताना ते पडू नये म्हणून मी छातीशी हात धरला होता. आई म्हणाली, पोरीला बहिणीचं वाईट वाटतंय.

मी लहान होते असं लिहिणार नाही. सांगितलं तेव्हा लहान होते. नंतर एकोणसाठ वर्षं गप्प राहिले, त्यात लहानपण कुठं आलं? तू सासूशी बोलत नाहीस हे मला माहीत होतं. तुझ्याकडं आले की बघत होते, ताट वाढतेस आणि तोंड फिरवतेस. का, ते कधी विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलं की माणूस विचारत नाही.

सयाजीचा बाप गेला, त्यालाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. देवाला सांगितलं, पण तो कुणाला सांगत नाही, म्हणून तिथं सांगणं सोपं असतं.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागते.

भागू


(पोस्टकार्ड)

श्रीरामपूर
ता. १६ फेब्रुवारी १९९६

भागू,

मुद्दाम कार्डावर लिहिते आहे. पोस्टमननं वाचावं, तुझ्या सुनेनं वाचावं, शेजारी मराठी कुणी असेल त्यानंही वाचावं. माझं जे झालं ते सगळ्या गावासमोर झालं होतं.

कोंडाबाई सव्वीस वर्षं माझ्या हातचं जेवली. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी काढलं. तोंडातून शब्द मात्र काढला नाही. त्रेसष्ट साली ती गेली. आता मी कुणाशी बोलू ते तू सांग.

बारा वर्षांच्या पोरीचं मी त्याच वर्षी सोडून दिलं असतं. नंतरच्या बाईचं सोडत नाही.

गोणपाट तिकडं मिळतं का?

लोभाचं पुढं बघू.

साळू


कॉलेज वसतिगृह, बंगळूर
ता. ११ मार्च १९९६

ती. साळूआजी यांस,
सुशांतचा सा. सलाम. वि. वि.

हे पत्र आजीला न विचारता लिहितो आहे. तिला कळलं तर मला पाळक होण्याआधीच मंडळीबाहेर घालेल.

राखेच्या बुधवारी आम्ही कपाळाला राख लावण्याचा विधी केला. आजी आली, पण आत आली नाही. वाण्याकडून आणलेलं तांदळाचं गोणपाट तिनं दाराबाहेरच्या दगडी पायरीवर अंथरलं आणि बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. तिनं मला हातानं आत जायची खूण केली. त्यानंतरचे तिन्ही रविवार ती तिथंच बसली आहे. मल्लाप्पानं खुर्ची आणून दिली. मला वाटलं ती नाकारील, पण तिनं लगेच घेतली. देवाला गुडघ्यांशी वैर नाही म्हणाली. गोणपाट घडी घालून खुर्चीवर ठेवलं, एवढंच.

मंडळीत कुजबुज आहे. कुणाला वाटतं सुनेशी भांडली, कुणाला वाटतं ही माझी कल्पना आहे आणि मी म्हाताऱ्या बाईला छळतो आहे. पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आलेली शाल्मली म्हणून एक मुलगी पहिल्यांदाच उपासनेला आली होती. तिनं आजीला भिकारीण समजून बिस्किटांचा पुडा दिला. आजीनं तो घेतला, ती कुठली हे काढून घेतलं आणि विचारलं की पुण्यात फोडलेला पुडा देण्याची पद्धत कधीपासून सुरू झाली. आता ती शाल्मली दर रविवारी उपासनेआधी तिच्यापाशी पायरीवर बसते.

आपलं कार्ड आईनं वाचलं, बाबांनी वाचलं, मीही वाचलं. आजीनंच ते देव्हाऱ्यातल्यासारखं फळीवर उभं करून ठेवलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. ते वाचून मी आजीला विचारलं, तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं. सहा माणसं उभी करण्याचा बेत मी सोडला. खरं माणूस दाराबाहेर बसलेलं असताना खोटी माणसं कशाला?

पण मी अडलो आहे. पोथीत लिहिलं आहे की पाळकानं जाऊन हात धरावा. पाळकसाहेब तयार आहेत. आजी म्हणते, पाळकाचं मी काही बिघडवलेलं नाही, त्यानं माझा हात धरून काय होणार. मी प्रभुभोजनाची भाकर दारात नेली, तर तिनं तोंड फिरवलं. पुस्तकात प्रत्येक प्रसंगाची प्रार्थना असते, याची सापडत नाही. जुन्या विधींवर मी चाळीस पानांचा निबंध लिहिला, त्याला चांगले गुणही पडले. त्यात ही पायरी कुठं नाही.

आपण याल का? मोठा गुरुवार ४ एप्रिलला आहे. मी पुण्यापर्यंत घ्यायला येईन. आला नाहीत तरी रागावणार नाही, तो हक्क मला नाही.

आपली माया आजीच्या वाटणीची असली तरी थोडी माझ्याकडंही राहू द्यावी.

आपला,
सुशांत


श्रीरामपूर
ता. २५ मार्च १९९६

चि. भागू हिस,
आशीर्वाद.

तुझ्या नातवाचं पत्र आलं. त्याला रागावू नकोस. पोरगं भोळं आहे, पण खोटं नाही. असली माणसं पाळक झाली तर मंडळीला त्रास होतो, पण व्हावा.

मी येणार नाही. तुझ्यावर राग म्हणून नव्हे, दोन दिवसांचा प्रवास मला झेपत नाही. आणि मला आधी दुसरीकडं जायचं होतं. परवा राहुरीला गेले होते. माझी नणंद तिथं असते, कोंडाबाईची धाकटी लेक. आईच्या मातीला भेटलो त्यानंतर आम्ही तोंड पाहिलं नव्हतं. तिच्या आईशी मी कशी वागले ते तिनं सव्वीस वर्षं पाहिलं होतं, मग तिनं तरी मला का विचारावं?

एसटीनं गेले. दारात उभी राहिले. तिनं ओळखलं, आणि या म्हणाली नाही. मी तिथंच ओट्याखाली उन्हात उभी राहून सांगितलं की तुझी आई निर्दोष होती, मला आता कळलं. ती गहू पाखडत होती. पाखडून पुरं केलं. मग तिनं विचारलं, सांगणारी भागूच होती ना.

तिला माहीत होतं, भागू. कोंडाबाईला माहीत होतं. तुझ्या हातात तिनं कार्ड पाहिलं होतं.

अजून ऐक. पाद्रीसाहेबानं कोंडाबाईला बोलावून विचारलं होतं, तुझी सून मरीआईला गेली हे खरं का. आणि ती बायबलबाई, जी आम्हाला ऊठसूट दहा आज्ञा ऐकवायची, ती शास्त्रावर हात ठेवून म्हणाली की माझी सून त्या दिवशी घराबाहेर पडलीच नाही. साहेबाला तुझ्याकडून आधीच कळलेलं. म्हणून तिची नोकरी गेली. देवळात तिचं नाव खोटारडी म्हणून पुकारलं, कशाबद्दल ते लोकांना सांगितलं नाही. ते मी ऐकलं नाही, कारण पोराच्या दुखण्यापायी मी त्या रविवारी गोणपाटावरही गेले नव्हते.

नणंदेनं आईला विचारलं होतं, तू वहिनीला सांगून का टाकत नाहीस. ती म्हणाली, मी नाही म्हटलं तर ती विचारील मग कोण, आणि भागूवर येईल. सासू काय, वाईट असायचीच असते. माहेरची बहीण गेली तर साळूला कोण उरेल?

म्हणजे मी जिचा राग धरला तिनं माझी बहीण मला राखून ठेवली होती. आणि मी तिला सव्वीस वर्षं मुक्याचं ताट वाढलं. आता तू कार्डासाठी हात वर केलास तो गुन्हा मोठा की माझा, हे मला सांगता येत नाही. तुझ्या नातवाला विचारू नकोस, तो पोथी काढील.

सगळं सांगून झाल्यावर नणंदेनं माझं मनगट धरलं. हात नव्हे, मनगट, चोराचं धरतात तसं. आणि आत ओढलं. बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. मीठ जास्त झालं होतं. बोलले नाही.

आता तुझं. मीच दुसऱ्याच्या दाराबाहेर उभी राहून आलेली बाई, तुला बाहेर बसवून ठेवायचा हक्क मला राहिला नाही. हात धरायला कुणाची वाट बघू नकोस, आपल्या पायानं आत जा. एक मात्र कर. कोंडाबाईचं नाव देवळात खोटारडी म्हणून घेतलं गेलं. ते देऊळ आता पडलं, तो साहेब मेला. तुझं देऊळ उभं आहे. तिथं घे.

लोभ होताच. मीच झाकून ठेवला होता.

साळू


हेब्बाळ, बंगळूर
ता. ८ एप्रिल १९९६

ती. साळूअक्का हिस,
भागूचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं. कोंडाबाईनं मला वाचवावं असं मी तिचं काय केलं होतं? वाटेत भेटली तर मी तिच्यापासून तोंड लपवत असे, आणि तिला वाटलं असेल पोर लाजरी आहे. नाही, तिला तसं वाटलं नसणार. तिला सगळं माहीत होतं. हेच जास्त लागतं.

गुरुवारी संध्याकाळी उपासना होती. माणसं नेहमीपेक्षा जास्त आली. म्हातारी आज आत येणार असं कळलेलं, आणि फुकटचं बघायला कोण सोडतो. सुशांतनं विधीचा साराच थाट काढून टाकला होता. मिरवणूक नाही, गाणं नाही. तो आणि त्याचा बेळगावकडचा मित्र, दोघांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. कशाला, असं मी विचारलं. बाहेर काढणाऱ्यांनीही उपास करायचा असतो म्हणे. तुम्ही कुणाला काढलंत, म्हटलं. सुशांत म्हणाला, आम्ही नाही, पण ज्यांनी काढलं त्यांच्या जागी आता आम्हीच उभे राहणार आहोत. एवढं शहाणं वाक्य त्याच्या निबंधात असेल असं वाटत नाही.

पाळकसाहेब दारात आले, हात पुढं केला. मी म्हटलं, साहेब, तुमचे उपकार, पण बहिणीनं आपल्या पायानं जायला सांगितलंय. ते बाजूला झाले. मोठा माणूस आहे, बाजूला होणं पुष्कळांना जमत नाही. पायरी उंच आहे म्हणून मी शाल्मलीच्या खांद्याला धरलं. त्यात विधी काही नव्हता, गुडघा होता.

आत गेले ती थेट वेदीपाशी. बसले नाही, बसले असते तर माझ्यानं उठवलं नसतं. लोकांकडं तोंड केलं. पाठ केलेलं सगळं विसरले. मग जसं आठवलं तसं सांगितलं. माझी बहीण साळू तापाचं पोर घेऊन मरीआईला गेली, ते मी एका कार्डासाठी सांगितलं. तिला बाहेर बसवलं, तिचं पोर तिच्या नजरेआड पुरलं. तिची सासू कोंडाबाई सुनेसाठी खोटं बोलली, आणि त्यापायी तिला देवळात खोटारडी म्हटलं. ती खोटं बोलली हे खरं आहे. त्या देवळात त्या महिन्यात तेवढी एकच गोष्ट ख्रिस्ताला शोभेल अशी झाली, असं मी म्हटलं. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. हे शास्त्राला धरून आहे का, ते त्यांना उद्या विचारता येईल.

कुणाला कुठं बघावं कळेना. सयाजी खांबाकडं बघत होता. त्याला पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं आपली आई कोण ते. नयना रडली. शाल्मली तर कोंडाबाई कोण हे धड माहीत नसताना रडली. मी रडले नाही. माझं काम उरलं होतं.

मग भाकर घेतली. चाळीस दिवसांनी घेतली म्हणून वेगळी लागली असं काही झालं नाही. कोरडी होती, घशात अडकली, मल्लाप्पानं पाणी दिलं.

रात्री घरी आल्यावर सयाजीनं विचारलं, मावशीला फोन लावू का. तुझ्या शेजाऱ्यांकडचा नंबर आहे म्हणाला. मी नको म्हटलं. फोनवर तू ऐकशील आणि गप्प राहशील, आणि तुझं गप्प राहणं पत्रात परवडतं. पावसाळा संपला की तो मला तुझ्याकडं आणून सोडणार आहे. राहुरीलाही जायचंय. तुझ्या नणंदेनं मला उभं ठेवलं तर मी उभी राहीन, खुर्ची मागेन एवढंच.

सुशांतला मी सांगितलं, जुनं सगळं टाकू नकोस. माणसानं दारापर्यंत चालत यावं हे चांगलं आहे, ज्यानं लिहिलं त्याला माणूस कळत होता. फक्त कोण आत आणि कोण बाहेर, हे वहीत आधी लिहून ठेवू नकोस.

तू सांगितलेलं काम पुरं झालं. कोंडाबाईचं नाव मी दोनदा घेतलं. पहिल्यांदा मागच्या बाकाला ऐकू गेलं नव्हतं.

लोभ झाकलेला असो की उघडा, आहे हे कळलं. पुरे.

तुझी,
भागू